२० कॉम्प्युटर, १२ तुकड्या आणि एकच इंटरनेट

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळेत कॉम्प्युटर आणि इंटरनेट आणायचे ठरले की पहिल्या बैठकीत चर्चा रंगते ती मॉडेल कुठले घ्यायचे, रॅम किती आणि स्क्रीन केवढा यावर. या प्रश्नांची उत्तरे विक्रेताही देतो. त्याला देता येत नाही असे उत्तर एकच: एका मुलाच्या हाती कॉम्प्युटर प्रत्यक्षात किती वेळ येणार? ते काढायला शाळेचे वेळापत्रक आणि थोडा गुणाकार-भागाकार पुरतो.

एक शाळा धरू. तिन्ही इयत्तांच्या मिळून १२ तुकड्या, तुकडीत ४० मुले, संगणक कक्षात २० कॉम्प्युटर, आणि प्रत्येक तुकडीला आठवड्यातून ४० मिनिटांची एक तासिका. वर्गातून निघून कक्षात जागेवर बसेपर्यंत ५ मिनिटे जातात. यंत्र सुरू करून लॉगिन होईपर्यंत आणखी ५. शेवटी काम सेव्ह करून, यंत्र बंद करून बाहेर पडायला ५. उरली २५ मिनिटे. एका यंत्रावर दोघे बसतात, तेव्हा एकाच्या वाट्याला साडेबारा. वर्षाला ३५ आठवडे धरले तर एका मुलाचा हात कीबोर्डवर असतो सव्वासात तास. अख्ख्या वर्षात. परीक्षा, सुट्ट्या आणि गेलेली वीज यांनी आपला वाटा उचलण्याआधीचा हा आकडा आहे.

आता याच शाळेचा कक्ष दुसऱ्या बाजूने पाहा. दिवसाला ८ तासिका आणि पाच दिवसांचा आठवडा धरला तर कक्ष आठवड्याला ४० तासिका उपलब्ध असतो आणि वापरात येतो १२. बाकीच्या २८ तासिका दाराला कुलूप. म्हणजे या शाळेत यंत्रांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो कक्षात उभे राहणाऱ्या शिक्षकाच्या तासांचा. आणखी १० कॉम्प्युटर घेतले तरी हे कुलूप उघडत नाही. मराठीच्या, विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकांनी आपली एखादी तासिका तिथे घ्यायची ठरवली तर उघडते. त्यासाठी त्यांना आधी कक्षात एकट्याने वावरण्याचा सराव हवा, आणि एखादे यंत्र अडले तर हाकेला येणारा माणूस हवा.

काही मिनिटे तर फुकट मिळतात. मुले येण्याआधी यंत्रे सुरू करून ठेवली की सुरुवातीची ५ मिनिटे वाचतात आणि प्रत्येक मुलाच्या वर्षाच्या हिशेबात जवळपास दीड तास भर पडते. जुन्या यंत्रांतली फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर यंत्र सुरू होण्याचा वेळ एकदम खाली येतो; जुन्या कॉम्प्युटरवर करण्याजोगी याहून फायद्याची दुरुस्ती मला तरी माहीत नाही.

एका यंत्रावर दोन मुले बसणे ही नेहमीच अडचण नसते. प्रोग्रॅमिंगच्या व्यवसायात मोठी माणसेही मुद्दाम जोडीने बसतात: एकजण टाइप करतो, दुसरा बघतो, विचारतो, चूक दाखवतो, आणि ठराविक वेळाने जागा बदलतात. शाळेत फक्त ही अदलाबदल घड्याळाकडे बघून करावी लागते. ती मुलांवर सोपवली तर ज्याला आधीपासून येते तोच वर्षभर माउस धरून बसतो.

यंत्रे वाटून काय होते, याचे थोडे पुरावे

पेरू देशाने ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. हा ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, म्हणजे दर मुलाला एक लॅपटॉप, या जगभर गाजलेल्या कल्पनेचा सर्वांत मोठा प्रयोग. आंतरअमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ प्राथमिक शाळांची तुलना करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांना यंत्रे खरोखर मिळाली होती, त्यांचा वापरही वाढला होता. पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. आकृत्यांवर आधारित तर्काच्या चाचणीत मात्र काहीशी वाढ दिसली. त्यातल्या बहुतेक शाळांना इंटरनेट नव्हते.

ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेचा २०१५ चा अहवालही याच वळणाचा आहे. त्यात १५ वर्षांच्या मुलांच्या चाचण्या पाहिल्या होत्या. शाळेत कॉम्प्युटर बेताने वापरणारी मुले क्वचित वापरणाऱ्यांपेक्षा थोडी पुढे होती, आणि अतिवापर करणारी चक्क मागे.

या दोन गोष्टी ऐकून ‘मग कशाला हवी ही उठाठेव’ असे म्हणणारे लगेच म्हणतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या मेन राज्याचे उदाहरण आहे, आणि ते नेमके याच वयोगटाचे आहे. तिथे २००२ पासून सरकारी शाळांतल्या सातवीच्या सगळ्या मुलांना लॅपटॉप दिले, पुढच्या वर्षी आठवीपर्यंत योजना नेली. २००७ च्या एका अहवालात आठवीच्या मुलांचे लेखन सुधारल्याचे नोंदवले गेले. कच्चा मसुदा लिहिण्यापासून अंतिम प्रतीपर्यंत सगळे काम लॅपटॉपवर करणाऱ्या मुलांचे गुण सर्वांत चांगले होते. हा आधीच्या आणि नंतरच्या गुणांचा पडताळा आहे. बाजूला लॅपटॉप नसलेल्या मुलांचा गट ठेवून केलेला प्रयोग नाही, त्यामुळे मी त्याला पक्का पुरावा म्हणणार नाही. पण त्यातून एक गोष्ट पटते. हाताने लिहिलेला निबंध पुन्हा लिहायचा म्हणजे शिक्षा. पडद्यावरचा परिच्छेद उचलून वर नेणे, वाक्य तोडणे, शब्द बदलणे हा काही सेकंदांचा खेळ. मूल दुरुस्ती करायला कंटाळत नाही, आणि लेखन सुधारते ते दुरुस्तीतूनच. यंत्राला असे ठरलेले काम दिले की ते उपयोगी पडते. ‘कॉम्प्युटर शिकवणे’ एवढेच मोघम काम दिले तर मुले सहामाहीपर्यंत रंगीत शीर्षके आणि उडत येणाऱ्या स्लाइडी बनवत बसतात.

१०० एमबीपीएस म्हणजे किती?

इंटरनेटच्या जाहिरातीतला आकडा एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट यात असतो, आपल्या फाइलींचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. त्यातही ही जोडणी साऱ्या शाळेची मिळून एक. २० यंत्रांनी एकाच वेळी वापरली तर प्रत्येकाला ५ एमबीपीएस. उत्तम प्रतीचा, म्हणजे १०८० रेषांचा व्हिडिओ सुरळीत चालायला साधारण तेवढेच लागतात. म्हणजे वर्ग चालू असताना कार्यालयात कोणी एखादी मोठी फाइल उतरवायला घेतली की कक्षातल्या पडद्यांवर ‘थांबा’ सांगणारी चाके गरगर फिरू लागतात.

याला उपाय दरवेळी मोठी जोडणी हा नसतो. व्हिडिओची प्रत ४८० रेषांवर आणली तर दीड एमबीपीएसच्या आत काम होते, आणि पेशींचे विभाजन त्यातही तितकेच नीट दिसते. सगळ्यांना एकच चित्रफीत दाखवायची असेल तर ती प्रोजेक्टरवर एकदा दाखवावी. २० पडद्यांवर २० वेळा कशाला?

खरा चोर व्हिडिओ नसतोच. तो असतो अपडेट. समजा सुट्टीनंतर पहिल्या दिवशी २० यंत्रे सुरू केली आणि प्रत्येकाने १ गिगाबाइटचे अपडेट मागवले. एकूण २० गिगाबाइट, म्हणजे १ लाख ६० हजार मेगाबिट. १०० एमबीपीएसची अख्खी जोडणी दुसरे काहीही न करता यात जवळपास २७ मिनिटे गुंतून पडते. पहिला तास गेला. म्हणून अपडेटची वेळ शाळा सुटल्यानंतरची लावून ठेवावी. एका यंत्राने उतरवलेले अपडेट शेजारच्यांनी त्याच्याकडूनच घ्यावे, अशीही सोय विंडोजमध्ये आहे. ती बहुधा कोणी बघत नाही.

वायफायचे दुखणे आणखी वेगळे. वायफाय एका वाहिनीवर चालते आणि त्या वाहिनीवर एका क्षणी एकालाच बोलता येते. भरलेल्या वर्गात एकाने उठून बोलावे आणि बाकीच्यांनी थांबावे, तसे. कोपऱ्यातला, ज्याचा आवाज नीट पोचत नाही तो सावकाश बोलतो, आणि त्याच्यामुळे सगळ्यांचाच खोळंबा होतो. भिंतीपल्याड अडकलेला एक जुना लॅपटॉप साऱ्या खोलीचा वेग का खाली ओढतो, याचे उत्तर हेच. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती जरा बऱ्या ओलांडतो, पण त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन: १, ६ आणि ११. पाच गिगाहर्ट्झमध्ये वाहिन्या पुष्कळ, पल्ला कमी.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: जी यंत्रे जागची हलत नाहीत त्यांना वायर द्या. नेटवर्कची तांब्याची वायर १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, आणि बहुतेक शाळांची इमारत त्यात बसते. स्विच नावाच्या पेटीला सगळ्या वायरी जोडल्या की यंत्रांना एकमेकांशी बोलायला इंटरनेटची गरजही उरत नाही.

हे शेवटचे वाक्य जरा थांबून बघण्यासारखे आहे. शाळेतले नेटवर्क आणि बाहेरचे इंटरनेट या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बाहेरची जोडणी मंद असली, दुपारी तुटत असली, तरी आतले नेटवर्क पूर्ण वेगाने चालू राहते. त्याचा फायदा घेणारी साधने तयार आहेत. किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर विकिपीडियाची अख्खी प्रत एका फाइलीत साठवून इंटरनेटशिवाय वाचू देते. कोलिब्री हे धडे, व्हिडिओ आणि सरावप्रश्न शाळेतल्याच एका यंत्रावर ठेवून बाकीच्यांना पुरवते. त्यासाठी मोठा सर्व्हर लागत नाही; रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटरही एका वर्गाला पुरतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात २००७ मध्ये तयार झालेले स्क्रॅच, ज्यात ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहिता येतो, तेही यंत्रावर उतरवून घेता येते. ज्या शाळेची जोडणी बेभरवशाची आहे तिने नवे मॉडेम बघण्याआधी हे करून पाहावे.

फिल्टरला काय दिसते आणि काय दिसत नाही

पालकांच्या सभेत पहिला प्रश्न असतो, ‘मुले भलतेसलते बघणार नाहीत ना?’ उत्तर म्हणून शाळा फिल्टर बसवते. अमेरिकेत २००० च्या एका कायद्याने तर इंटरनेटच्या बिलावर सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांना तो बंधनकारकच केला. पण फिल्टर नेमका काय करतो, हे सभेत कोणी सांगत नाही.

मुलाने एखाद्या साइटचे नाव टाकले की कॉम्प्युटर आधी एका नामसूचीला, म्हणजे डीएनएसला, विचारतो की या नावाचा पत्ता काय. फिल्टर बहुतेकदा इथेच बसलेला असतो. नाव काळ्या यादीत असेल तर तो पत्ता देत नाही. पुढचा सगळा मजकूर हल्ली कूटबद्ध होऊन, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही असा येतो. त्यामुळे वाटेत बसलेल्या फिल्टरला साइटचे नाव कळते, तिच्या आतले पान कळत नाही. व्हिडिओच्या साइटवर मूल ज्वालामुखी बघते आहे की हाणामारी, यातला फरक त्याला सांगता येत नाही. साइट पूर्ण बंद करायची किंवा पूर्ण सुरू ठेवायची, एवढेच त्याच्या हातात. पाना-पानाचे बघायचे असेल तर प्रत्येक यंत्रावर वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागते आणि मग मुलाने वाचलेली प्रत्येक ओळ कोणाला दिसावी, हा प्रश्न उभा राहतो.

शब्द पकडून अडवणारे फिल्टर तर कधी कधी हास्यास्पद वागतात. १९९६ मध्ये इंग्लंडच्या स्कनथॉर्प गावातल्या लोकांना एओएल या सेवेवर खातेच उघडता येईना, कारण गावाच्या इंग्रजी नावातल्या काही अक्षरांची एक शिवी होते. जीवशास्त्राच्या धड्यातले अवयव शोधणाऱ्या सातवीतल्या मुलीचीही अशीच गत होते. म्हणून फिल्टर बसवताना त्याची दुसरी बाजूही ठरवून ठेवावी: अडलेली साइट सुरू करून द्या असे शिक्षकाने कोणाला सांगायचे, आणि ते काम त्याच तासात होणार की पुढच्या आठवड्यात? पुढच्या आठवड्यात होणार असेल तर शिक्षक दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा कक्षात येत नाही.

आणि फिल्टर शाळेच्या जोडणीवर बसतो. मुलाच्या खिशातल्या सिमकार्डाला त्याचा पत्ताही नसतो. कक्षातली टेबले भिंतीला लावून पडदे खोलीच्या मध्याकडे वळवले की मधे उभ्या असलेल्या शिक्षकाला सगळे पडदे एका नजरेत दिसतात. ही जुनीच युक्ती आहे, पण महागड्या सॉफ्टवेअरइतकीच कामाची.

तरीही काहीतरी डोळ्यांसमोर येणारच. अशा वेळी काय करायचे, हे मुलांना पहिल्याच तासाला सांगावे: पडदा झाका किंवा बंद करा, आणि शिक्षकांना हाक मारा, तुम्हाला कोणी रागावणार नाही. शेवटचा भाग शाळेने पाळला नाही तर पहिल्या दोन भागांचा उपयोग शून्य.

खोटे ओळखण्याचा तास

या वयाची मुले बोटे भराभर चालवतात म्हणून मोठ्यांना ती फार हुशार वाटतात. २०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका गटाने अमेरिकेतल्या याच वयाच्या २०३ मुलांना एका बातमी-संकेतस्थळाचे पान दाखवले. त्यावर ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट लिहिलेली एक जाहिरात होती. ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी ती खरी बातमी समजली.

शाळा याला उत्तर म्हणून तपासणीची यादी देते: साइट नीटनेटकी आहे का, लेखकाचे नाव आहे का, शुद्धलेखन बरोबर आहे का. या यादीत अडचण अशी की फसवणारा माणूसही ती वाचून पान सजवू शकतो. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक साइट १९९८ पासून आहे. छायाचित्रे, अधिवास, प्राणी वाचवण्याचे आवाहन, सगळे साग्रसंगीत आणि सगळे बनावट. यादीत ती छान उत्तीर्ण होते. बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक लोक वेगळे काहीतरी करतात. ते अनोळखी पानावर रेंगाळत नाहीत. लगेच दुसरा टॅब उघडून या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते आधी शोधतात, आणि मग ठरवतात की परत येऊन वाचायचे की नाही. वर्गात शिकवायला हे सोपे आहे, एका तासिकेत मावते, आणि मुलांना त्यात हेरगिरीची मजाही येते.

खाती, आणि वयाची १३ वर्षे

‘student’ असे एकच लॉगिन सगळ्यांना देणे सोयीचे वाटते. मग एके दिवशी कोणीतरी दुसऱ्याचा प्रकल्प पुसून टाकतो आणि कोणी केले ते कधीच कळत नाही. प्रत्येक मुलाला स्वतःचे खाते हवे, आणि त्या खात्याला नवे सॉफ्टवेअर टाकण्याचा अधिकार नको. सुरुवातीचे दोन आठवडे पासवर्ड विसरण्यात जातील, ते गृहीत धरा. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावू नका. मुले तो वहीच्या मुखपृष्ठावर लिहितात. तीन-चार शब्दांचा लांब पासवर्ड लक्षातही राहतो आणि ओळखायलाही अवघड असतो.

बाहेरच्या सेवांवर खाती उघडताना वयाची अट आडवी येते. अनेक सेवा १३ वर्षांखालील मुलांना खाते देत नाहीत, कारण अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार त्याहून लहान मुलांची माहिती गोळा करायला पालकांची संमती लागते. सहावी-सातवीतली बरीच मुले या रेषेच्या अलीकडे आणि आठवीतली पलीकडे असतात. एकाच शाळेत एका वर्गाला जे चालते ते दुसऱ्याला चालत नाही. मुले यावर जन्मसाल बदलण्याचा तोडगा काढतात, आणि कधी कधी घाईत असलेले शिक्षकच तो सुचवतात. तसे न करता शाळेच्या नावाने मिळणारी शैक्षणिक खाती घ्यावीत, पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि ज्या साधनाला खातेच लागत नाही त्याला पहिली पसंती द्यावी.

दान आलेली यंत्रे

एखादे कार्यालय आपले जुने कॉम्प्युटर शाळेला द्यायला तयार होते तेव्हा नाही म्हणवत नाही. घेण्याआधी एकच गोष्ट विचारावी: याला सुरक्षेचे अपडेट किती दिवस मिळणार? विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, जी बऱ्याच जुन्या यंत्रांत नसते. अशा यंत्रांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकता येते. ब्राउझर, लेखन, स्प्रेडशीट, स्क्रॅच हे सगळे त्यावर चालते. फक्त ते टाकणारा आणि पुढे सांभाळणारा माणूस आधी ठरलेला हवा. क्रोमबुकला, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपला, तर अपडेट मिळण्याची अखेरची तारीख मॉडेलनुसार ठरलेलीच असते. वापरलेले घेताना ती तारीख आधी बघावी, वरची चकाकी नंतर.

पाच प्रकारची जुनी यंत्रे घेण्यापेक्षा एकाच प्रकारची कमी घेतलेली बरी. एकाचा चार्जर दुसऱ्याला चालतो, बिघडलेल्या दोनांतून एक उभे राहते, आणि शिक्षकाला ‘तुझ्या पडद्यावर ते बटण कुठे आहे?’ असे २० वेळा विचारावे लागत नाही. वार्षिक खर्चात माउस, कीबोर्ड आणि हेडफोन यांची वेगळी ओळ ठेवा, कारण सर्वांत आधी जातात ते हेच. कक्षात एक बिघाड-वही टांगा: तारीख, यंत्राचा क्रमांक, काय झाले, कधी दुरुस्त झाले. ती लिहिण्याचे काम आठवीतल्या दोन-तीन मुलांना द्या. सैल वायर, निघालेला प्लग आणि संपलेला सेल एवढे ती स्वतःच बघतील. उरलेले शिक्षकांपर्यंत जाईल.